बालकुमार कथेतील अपंगत्व आणि पित्याची नजर

बालकुमारांसाठी लिहिलेल्या कथात्म साहित्यातील अपंग पात्रांची चर्चा आपल्याकडे बहुधा सहानुभूतीच्या अंगाने होते. पात्र दयनीय वाटते की धीरोदात्त, वाचकाने त्याच्यापासून कोणता बोध घ्यावा, एवढ्यावर ती थांबते. कथानकाच्या रचनेकडे, विशेषतः शेवटाकडे, तिचे पुरेसे लक्ष जात नाही. वास्तविक अपंगत्वाविषयीची कथेची भूमिका शेवटातच उघड होते. प्रस्तुत लेखात तीन परिचित कथांचे शेवट तपासून, त्यांतील बरे होणे कोणासाठी घडते, हा प्रश्न विचारावयाचा आहे.

योहाना स्पायरी यांच्या ‘हायडी’च्या दुसऱ्या भागात (१८८१) चाकांच्या खुर्चीवर अवलंबून असलेली क्लारा आल्प्सच्या कुरणांवर राहावयास येते. मत्सरग्रस्त पीटर तिची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो; खुर्ची मोडते आणि क्लारा चालू लागते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधील (१९११) कॉलिन, आपल्याला कुबड येणार आणि आपण लवकर मरणार, या भीतीने अंथरुणाला खिळलेला आहे. बागेच्या सान्निध्यात तो उभा राहतो, धावू लागतो. मोकळी हवा आणि सवंगड्यांचा सहवास यांचा हा प्रभाव समीक्षकांनी पुष्कळदा नोंदविला आहे. परंतु या दोन शेवटांत आणखी एक साम्य आहे. दोन्ही पिते विधुर आहेत आणि मुलांपासून दूर आहेत. दोन्हीकडे बरे होण्याची वार्ता घरच्यांपासून लपवून ठेवली जाते आणि अखेर पित्यापुढे ती प्रत्यक्ष चालत किंवा धावत येते. चालणाऱ्या मुलीत क्लाराच्या वडिलांना दिवंगत पत्नीचे रूप दिसते. कॉलिनचे डोळे आईसारखे आहेत. तो जागा असताना त्याच्याकडे पाहणे पित्याला सोसवत नाही. म्हणजे मुलाचे शरीर सावरते तेव्हा पित्याचा शोक निवळतो. बरे झालेले मूल ही पित्याला मिळालेली भरपाई आहे.

ही चौकट केवळ युरोपीय कादंबरीची आहे, असे समजण्याचे कारण नाही. मुलांना आजही सांगितली जाणारी अष्टावक्राची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. गर्भात असतानाच पित्याच्या पठणातील दोष दाखविला, म्हणून कहोड त्याला शाप देतो आणि मूल आठ ठिकाणी वाकडे जन्मते. पुढे बालवयातच जनकाच्या सभेत बंदीला वादात जिंकून तो पित्याला परत मिळवितो. लक्षणीय गोष्ट अशी, की द्वारपाल त्याला अडवितो तो त्याच्या वयामुळे. सभा त्याच्या शरीराला हसते, हा प्रसंग लोकप्रिय पुनर्कथनांतला आहे. वादातील विजयात वाकडे शरीर कोठेही आड येत नाही. कथा तेथे पूर्ण होऊ शकली असती. तरीही प्रचलित पाठात पित्याच्या आज्ञेवरून तो समंगा नदीत उतरतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. ज्याने वाकविले, त्यानेच सरळ केले. पुत्राला मात्र कोणी विचारले नाही.

कथन अपंगत्वाचा कुबडीसारखा आधार घेते, ही मांडणी डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी ‘नॅरेटिव्ह प्रोस्थेसिस’ (२०००) या ग्रंथात केली. लोइस कीथ यांनी ‘टेक अप दाय बेड अँड वॉक’मध्ये (२००१) मुलींसाठीच्या अभिजात कथांतील ‘बरे होण्या’ची चिकित्सा केली. वरील तीन शेवटांच्या आधारे या विचाराला एक पुस्ती जोडता येईल : या कथांत अपंगत्वाचा निरास होतो तो पाहणाऱ्या प्रौढाच्या समाधानासाठी. कथा बालवाचकाला उद्देशून असली, तरी तिचा शेवट त्याच्या डोक्यावरून प्रौढाकडे पाहतो.

याला पर्याय संभवतो का? सीसी बेल यांची ‘एल डेफो’ (२०१४) ही आत्मचरित्रात्मक चित्रकादंबरी या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. चौथ्या वर्षी मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन लेखिकेची श्रवणशक्ती गेली. पुस्तकातील सर्व पात्रे सशांच्या रूपात आहेत. सर्वांना लांब कान, आणि नायिकेच्या कानांत यंत्र. यंत्राची बॅटरी उतरू लागली की संवादाच्या फुग्यांतील अक्षरे पुसट होत जातात. ऐकूच आले नाही, तर फुगा रिकामा राहतो. बहिरेपण येथे वर्णनाचा विषय न राहता वाचनाचा अनुभव होते. शेवटी श्रवण परत येत नाही. मैत्रीतला दुरावा तेवढा मिटतो. हा शेवट कोणत्याही पित्याला सादर केलेला नाही.

मुलांना सुखान्त हवा असतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो योग्यच आहे. पण सुख पायांतच का शोधावे, याचे उत्तर आक्षेपकाने द्यावयास हवे. काही वर्षांपूर्वी वर्गात ‘हायडी’विषयी बोलत असताना, कॅलिपर लावून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, खुर्ची मोडली नसती, तर ही गोष्ट संपली असती का?” मी निसर्गाच्या प्रतीकात्मकतेविषयी काहीतरी बोललो आणि तास संपविला. आज वाटते, की तिने कथेच्या रचनेवरच बोट ठेवले होते. खुर्ची शाबूत राहिली असती, तर लेखिकेला क्लारासाठी दुसरा एखादा आनंद शोधावा लागला असता.

आपल्याकडे शासकीय व्यवहारात ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. संबोधन बदलले, म्हणजे कथानक बदलले असे होत नाही. मराठी बालकुमार कथा वाचताना यापुढे ‘पात्र कसे रंगविले आहे?’ या प्रश्नासोबत ‘शेवटी कोणाचे समाधान झाले?’ हेही समीक्षेने विचारावे. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न माझ्याकडे अद्याप अनुत्तरित आहे, आणि तो केवळ माझ्यापुरता नाही.