मुलाची वांटणी : दोन कादंबऱ्या

घटस्फोटाच्या दाव्यांत घर, दागिने, पोटगी यांचा हिशेब कागदावर मांडतां येतो. मुलाचा मांडतां येत नाहीं. तरीहि तो मांडावा लागतोच, आणि मग त्यांत आठवडे, सुट्ट्या व महिने यांचीच भाषा येते. ही भाषा अपुरी कां पडते हें ज्यांना समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं दोन कादंबऱ्या शेजारीं ठेवून वाचाव्यात. एक हेन्री जेम्स याची १८९७ सालीं प्रसिद्ध झालेली ‘व्हॉट मेझी न्यू’, आणि दुसरी मन्नू भंडारी यांची १९७१ सालची हिंदी कादंबरी ‘आपका बंटी’.

जेम्सच्या कादंबरींत लंडनमधील एका दांपत्याचा घटस्फोट होतो आणि बरीच झटापट होऊन तडजोड ठरते, ती अशी कीं मेझीनें सहा महिने बापाकडे व सहा महिने आईकडे राहावें. गणिताच्या दृष्टीनें याहून समान वांटणी कोणती? परंतु दोघांनाहि मुलगी हवी असते ती केवळ एकमेकांस डिवचण्यासाठीं. एकाचे अपशब्द दुसऱ्याच्या घरीं पोंचविण्याचें काम या कोवळ्या पोरीच्या माथीं येतें. पुढें दोघेहि नवे संसार थाटतात. मग तर तिला आपल्याकडे ठेवून घेण्याची चढाओढ संपून दुसऱ्याच्या गळ्यांत बांधण्याची सुरू होते. अशा स्थितींत एके दिवशीं मेझीला उमगतें कीं, ऐकलेलें विसरल्याचें सोंग केलें तर निरोप पोंचत नाहीं आणि भांडणाला सरपण मिळत नाहीं. ती मठ्ठ म्हणवून घेते, पण मुकी राहते. मुलाच्या मौनाचा इतका सूक्ष्म अभ्यास आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळला आहे. अखेरीस ती जन्मदात्यांपैकीं कोणाकडेहि न जातां एका वयस्क शिक्षिकेबरोबर निघून जाते, यांत लेखकाचा निवाडा स्पष्ट आहे.

तथापि या कादंबरींत एक पळवाट राहून गेली आहे. मेझीचे आईबाप इतके उथळ आणि स्वार्थी रंगविले आहेत कीं, त्यांच्यावर हंसून ‘आम्ही कांहीं असे नव्हे’ असें म्हणत वाचक सहज मोकळा होतो.

‘आपका बंटी’ वाचतांना ही सोय उरत नाहीं. बंटीची आई शकुन एका महाविद्यालयाची प्राचार्या. वडील अजय कलकत्त्यास नोकरीला. दोघेहि सुशिक्षित आहेत आणि दोघांचेंहि मुलावर प्रेम आहे. शकुन पुढें डॉ. जोशी या सज्जन विधुराशीं विवाह करते. त्याच्या घरीं दोन मुलें आहेत, सुखसोयी आहेत. फक्त बंटीला तेथें आपलें असें कांहीं सांपडत नाहीं. म्हणून तो वडिलांकडे जातो. तेथेंहि दुसरा संसार मांडलेला. शेवटीं त्याची रवानगी वसतिगृहांत होते. यांतील प्रत्येक निर्णय वेगळा घेऊन तपासला तर समंजस वाटतो. त्या सर्वांची बेरीज मात्र एका मुलाचें बेघर होणें ही आहे. कादंबरीचें सामर्थ्य या बेरजेंत आहे.

या कृतींत एक वैगुण्यहि आहे. शकुनचें मन लेखिकेनें आंतून उलगडून दाखविलें आहे. अजयचें मन तसें उघडलेंच नाहीं. तो येतो, खेळणीं देतो, निघून जातो. परिणामीं सारा जाब आईलाच द्यावा लागतो, आणि विभक्त झाल्यावरहि दोघांनीं मिळून मूल कसें वाढवावें हा प्रश्न अर्ध्यावरच राहतो.

आपल्याकडील कायदा या बाबतींत अगदींच जड नाहीं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यांत, मूल समजूतदार वयाचें असल्यास न्यायालयानें त्याची पसंती विचारांत घ्यावी, अशी मुभा आहे. हिंदूंसाठीं झालेल्या १९५६ च्या कायद्यानें अज्ञान मुलाचें हित हाच सर्वश्रेष्ठ विचार मानला असून, पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशीं असावें असें म्हटलें आहे. परंतु पसंती विचारणें म्हणजे काय, हें या दोन कादंबऱ्या कायद्याच्या पुस्तकांहून अधिक शिकवितात. आईसमोर मूल एक बोलतें, बापासमोर दुसरें, आणि खरें तें पुष्कळदां बोलतच नाहीं. रुसणें, हट्ट करणें, एकाएकीं शहाण्यासारखें वागूं लागणें हीच त्याची साक्ष असते. आणि ती न्यायासनापुढें नोंदविली जात नाहीं, घरांत वाचावी लागते.

म्हणून ताबा कोणाकडे हें ठरल्यावरच आईबापांचें खरें काम सुरू होतें. मुलाबरोबर टोमणा धाडूं नये. परत आल्यावर ‘तिकडे काय झालें?’ म्हणून खोदून विचारूं नये. दोहोंपैकीं कोण अधिक आवडतें याचा कौल त्याच्याकडून घेऊं नये. एवढें पथ्य पाळण्यास कोणत्याहि हुकूमनाम्याची आवश्यकता नाहीं. ज्यांच्या घरीं असा प्रसंग आलेला नाहीं त्यांनींहि ‘आपका बंटी’ अवश्य वाचावी, कारण एका छपराखालीं राहूनहि मुलाच्या हातीं निरोप देणारे आईबाप आपल्यांत थोडे नाहींत.