‘ही’ म्हणण्याचा अधिकार : ग्रीक दर्शक सर्वनामे आणि ‘अँटिगनी’

शालेय व्याकरणात दर्शक सर्वनामांच्या वाट्याला फार तर अर्धे पान येते. जवळच्यासाठी ‘हा’, लांबच्यासाठी ‘तो’, एवढे सांगितले की प्रकरण संपते. प्राचीन ग्रीकमध्ये ते इतक्यात संपत नाही. सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’तला एक कळीचा क्षण तर एका दर्शक सर्वनामावरच उभा आहे, आणि अनुवादातून नाटक वाचणाऱ्याच्या हातून तो सहज निसटतो. त्या क्षणाकडे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू.

ग्रीकमध्ये अशी मुख्य सर्वनामे तीन : होदे, हूतोस आणि एकेइनोस. त्यांची स्त्रीलिंगी रूपे अनुक्रमे हेदे, हाउते आणि एकेइने. जवळचा, त्याहून लांबचा, फार लांबचा अशी अंतराची उतरंड लावून ती समजावता येतात. मला मात्र दुसरी मांडणी अधिक उपयोगाची वाटते. ‘होदे’ बोलणाऱ्याच्या बाजूचा : माझ्यापाशी असलेला, मी दाखवतो आहे तो. ‘हूतोस’ ऐकणाऱ्याच्या बाजूचा : तुझ्यासमोरचा, किंवा ज्याचा उल्लेख तू नुकताच ऐकलास तो. ‘एकेइनोस’ दोघांपासूनही दूरचा. म्हणजे ही सर्वनामे नुसते अंतर मोजत नाहीत. एखादी व्यक्ती वा वस्तू संभाषणात कोणाच्या पदरात आहे, हेही सांगतात.

गद्यात याचा पुरावा मिळतो. थ्युसिडिडीस एखाद्याचे भाषण देण्याआधी ‘असे बोलला’ म्हणतो तेव्हा सहसा ‘होदे’च्या कुळातला शब्द येतो, भाषण संपल्यावर ‘असे बोलला’ म्हणताना ‘हूतोस’च्या कुळातला. कारण उघड आहे. आधी ते भाषण फक्त लेखकापाशी असते, नंतर ते वाचकाचेही झालेले असते. अथेन्सच्या न्यायालयात वक्ता प्रतिपक्षाला नावाऐवजी वारंवार ‘हूतोस’ म्हणतो. प्रतिपक्षी तिथेच उभा असतो, पण बोलणे त्याच्याशी नसून न्याय करणाऱ्यांशी असते : हा तुमच्यासमोरचा, याचे काय करायचे ते तुम्ही ठरवा.

आता ‘अँटिगनी’कडे वळू. इ.स.पू. 441च्या सुमाराचे हे नाटक. भावाच्या प्रेतावर माती टाकण्यास राजा क्रेऑनने केलेली बंदी अँटिगनी मोडते. पहारेकरी तिला पकडून आणतो तेव्हा त्याच्या पहिल्याच ओळीत (384) दोन सर्वनामे लागोपाठ येतात : हेदे आणि एकेइने. इतका वेळ जिच्याविषयी केवळ तर्क चालले होते ती ‘एकेइने’, आणि आता माझ्या ताब्यात आहे ती ‘हेदे’. मराठीत ‘हीच ती’ म्हटले की दोन्ही अर्थ नेमके पोचतात. पुढे क्रेऑन संतापतो आणि वृद्धांच्या कोरसशी बोलताना, ती समोर उभी असताना, तिला ‘हाउते’ म्हणतो (480, 484). न्यायालयातली लकब राजाच्या तोंडी आली आहे. मामा भाचीशी बोलत नाही. फिर्यादी आरोपीविषयी बोलतो.

मग इस्मेनी येते. क्रेऑन दोघी बहिणींकडे निर्देश करून ‘होदे’चे द्विवचनी रूप वापरतो (561) : या दोघी मुली वेड्या आहेत, एक आत्ता झाली, दुसरी जन्मापासूनच. पाचच ओळींनंतर इस्मेनी विचारते, हिच्याशिवाय मी एकटी कशी जगू? तिच्या तोंडी ‘हेदे’चे षष्ठीचे रूप आहे. क्रेऑन ते सर्वनाम उचलतो, प्रथमेत आणून ठेवतो आणि सांगतो की ‘हेदे’ म्हणू नकोस; ती आता अस्तित्वातच नाही (567).

अँटिगनी त्या वेळी रंगभूमीवर उभी आहे, प्रेक्षकांना दिसते आहे, आणि क्षणापूर्वी क्रेऑनने स्वतःच तिच्याकडे बोट केले होते. तिने आपण मेलेलोच आहोत असे थोड्या वेळापूर्वी म्हटले होते, हे खरे. पण तिचे ते म्हणणे मृतांची सेवा स्वीकारल्याचे आहे. क्रेऑनचा मनाई-हुकूम वेगळा आहे. तो मृत्युदंडाच्या अंमलबजावणीची वाट पाहत नाही. बहिणीच्या भाषेतून बहिणीला आधीच काढून टाकतो. माझ्या मते प्रेत न पुरण्याची आज्ञा आणि ही आज्ञा एकाच जातीच्या आहेत. मेलेल्याला मृतांत जागा नाही, जिवंत मुलीला जिवंतांत नाही.

मराठी अनुवादकाची अडचण अशी की क्रेऑनची ‘हाउते’ आणि इस्मेनीची ‘हेदे’ या दोन्ही मराठीत ‘ही’च होतात. आपल्याकडे मधले सर्वनाम नाही. पण नवऱ्याला ‘हे’ आणि बायकोला ‘ही’ म्हणणाऱ्या भाषेला या शब्दातली जवळीक शिकवावी लागत नाही. क्रेऑनच्या तोंडी ‘ही मुलगी’, ‘ही पोरगी’ असे काही ठेवून उघडी, नुसती ‘ही’ इस्मेनीसाठी राखली, तर पुढचा मनाई-हुकूम वाचकाला बोचेल. छंदाच्या सोयीने ग्रीक कवीही रूपे बदलतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी असा हट्ट धरू नये. या प्रसंगात मात्र धरावा.

कारण शेवट या शब्दाकडे परत येतो. मुलाचे प्रेत घेऊन क्रेऑन येतो तेव्हा कोरस त्याचे आगमन ‘होदे’ने सांगतो (1257). पाठोपाठ राणीचे प्रेत दिसते, आणि या दुसऱ्या अरिष्टाकडे पाहताना क्रेऑनच्या तोंडी पुन्हा ‘होदे’चेच रूप आहे (1295). आता हा शब्द नाकारण्याची सोय त्याला उरलेली नाही. थोड्याच वेळाने तो स्वतःला इथून दूर न्यायला सांगतो आणि स्वतःविषयी म्हणतो की आपण नसल्यातच जमा आहोत (1325). भाचीविषयी वापरलेले ‘असणे’ हे क्रियापद, नकारासह, तो आता स्वतःला लावतो.