एका दशकाची ‘आपली आवड’: २०१० ते २०१९

आजच्या व्याख्यानाला आम्ही दोघं मिळून उभे आहोत, तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे दोघं, आणि ‘आपण’ म्हणजे समोर बसलेले आणि नंतर हे ऐकणारे-वाचणारे सगळे. विषय जाहीर झाला तेव्हापासून एकच विचारणा होतेय: यादी कुठाय? पहिल्या नंबरावर कोण?

नंबर देणार नाही. आवडत्या गाण्यांची यादी करायची सवय आपल्याला रेडिओनं लावली. १९५२ पासून अमीन सयानी रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सांगायचे. त्यात पायदान होतं, चढाओढ होती, वर्षाअखेरीला विजेता होता. आणि आकाशवाणीवर ‘आपली आवड’ होतं. त्यात नंबर नव्हता. पत्र पाठवणाऱ्यांची नावं, गावांची नावं, मग गाणं. हे गाणं कुणाला हवंय, ते त्यात ऐकू यायचं. आम्ही ‘आपली आवड’वाले.

या दशकात मोजणी फार सोपी झाली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गाण्याखालचा आकडा हीच गाण्याची ओळख झाली. आता आकड्यानंच जायचं तर २०१५ नंतर महाराष्ट्रात एकही वरात, एकही विसर्जन ‘शांताबाई’शिवाय गेलेलं नाही, म्हणजे तेच दशकाचं गाणं. (हशा) हसताय, पण आम्ही त्यावर बराच वेळ भांडलो. शेवटी ठरलं असं: जे गाणं आपण लावतो ते यादीत, जे आपल्यावर लावलं जातं ते नाही. ‘शांताबाई’ गेली.

दुसरा नियम, गाण्याचं दशक म्हणजे चाल जन्मली ते दशक. यामुळे ‘कट्यार काळजात घुसली’ची पंचाईत झाली. सिनेमा २०१५ चा. पण त्यातली नाट्यपदं १९६७ च्या नाटकातली, अभिषेकीबुवांची. महेश काळेंनी ती नव्या पिढीपर्यंत नेली, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला, सगळं खरं. तरी ती पदं आमच्या यादीत येत नाहीत. शंकर-एहसान-लॉय यांचं ‘सूर निरागस हो’ येतं. ते गोड आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनापासून गणपतीपर्यंत कुठंही चालतं. पण बुवांच्या पदांशेजारी ठेवलं की त्याची घडण सोपी वाटते. घेतलं, पण थोडं नाइलाजानं.

आता ‘सैराट’. इथं थांबावंच लागेल.

२९ एप्रिल २०१६ ला सिनेमा आला. संगीत अजय-अतुल यांचं. वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालं. तेव्हा या गोष्टीचं फार कौतुक झालं, ‘मराठी गाणं हॉलिवूडला गेलं’ वगैरे. आम्हाला यातला अभिमानाचा भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे की तो सगळा तंतुवाद्यांचा लोंढा कुणासाठी वाजतो? करमाळ्याकडच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका पोरासाठी. हिंदी सिनेमात असा भव्य वाद्यमेळ आल्प्समध्ये उभ्या असलेल्या श्रीमंत नायकाच्या मागं वाजायचा. इथं तो विहिरीच्या काठावर, उसाच्या फडाशेजारी वाजतो. ‘याड लागलं’ ऐकताना अजय गोगावल्यांचा आवाज नीट ऐका. तो गुळगुळीत नाही. वरच्या पट्टीत जाताना थोडा फाटतो, आणि मागं व्हायोलिनं एकदम शिस्तीत. आवाज गावचा, साज परदेशी, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्यासाठी नमतं घेत नाही.

म्हणून आमचं मत ‘झिंगाट’ला नाही, ‘याड लागलं’ला. ‘झिंगाट’ वाईट आहे असं नाही. गोंधळी ठेका, हलगी आणि डीजे यांची ती मिसळ जमलेलीच आहे. पण त्या गाण्याचं काय होऊ शकतं ते २०१८ च्या ‘धडक’मध्ये दिसलं. संगीतकार तेच, चाल तीच. शब्द हिंदी, गाव उदयपूर. आणि त्यातून ती गावरान बोली गेल्याबरोबर उरला फक्त ठेका. चाल भाषेवर किती टेकलेली असते हे तपासायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आणखी एक. ‘सैराट’मधली सगळी गाणी ही दोघं पळून जाण्याआधीची आहेत. नंतर सिनेमा गाणं बंद करतो. हैदराबादची झोपडपट्टी, भांडणं, पोट, संसार यांत वाद्यवृंद नाही. आणि शेवटच्या दृश्यात तर आवाजच नाही, लहान मूल चालत जातं आणि थिएटरात खोकल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. आता हेच ‘याड लागलं’ तुम्ही प्लेलिस्टवर ऐकता तेव्हा तो शेवट बरोबर येतो की नाही? आम्हाला येतो. एकानं तर गाडीत ते गाणं लावणंच सोडलंय. नागराज मंजुळे यांनी हे आधीही केलं होतं. २०१४ च्या ‘फँड्री’साठी अजय-अतुल यांनी जे गाणं केलं, विंचवाचं, ते सिनेमात नाहीच. फक्त जाहिरातीला. गाण्याला भुलून लोक आत गेले आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड अंगावर घेऊन बाहेर आले.

हिंदीतलं एकच सांगतो, नाहीतर रात्र होईल. ‘रॉकस्टार’, ‘लुटेरा’, ‘गँग्स ऑफ वासेपूर’ यांच्यावर प्रत्येकी एक व्याख्यान होईल. आम्ही निवडलं ‘मसान’मधलं रेल्वेचं गाणं, २०१५ चं. वरुण ग्रोव्हर यांनी दुष्यंत कुमारांच्या एका शेराच्या खांद्यावर हात ठेवून ते लिहिलं. संगीत इंडियन ओशन या बँडचं, आवाज स्वानंद किरकिरे यांचा. इंदूरचा मराठी माणूस, त्यामुळे थोडा पक्षपात झाला असेल तर असो. हिंदी सिनेमानं त्या दशकात प्रेमाच्या प्रत्येक गाण्यात ‘इश्क’ आणि ‘खुदा’ कोंबले. या गाण्यात रेल्वे आहे, पूल आहे, थरथर आहे, म्हणजे छोट्या शहरातल्या माणसाला जे खरंच दिसतं ते आहे.

आता ‘इंडी’. इथं आमचं खरं भांडण आहे.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. कुणापासून स्वतंत्र? आपल्याकडे त्याचा अर्थ होतो सिनेमापासून. बरं. मग प्रतीक कुहाड येतो, जयपूरचा, न्यूयॉर्कला शिकलेला. त्याचं २०१८ चं ‘कोल्ड मेस’ पुण्या-मुंबईतल्या कितीतरी जणांनी प्रेमभंगात झिजवलं. बराक ओबामांनी २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत ते टाकलं आणि मग ते आणखी सगळ्यांना आवडू लागलं. यादी काय करू शकते बघा! गाणं प्रामाणिक आहे, गिटार स्वच्छ आहे, आवाज कानाजवळ बोलल्यासारखा आहे. यादीत आहे. पुण्याच्या रित्विझचं २०१७ चं ‘उड गये’ही आहे. शास्त्रीय तालमीतून आलेली हरकत इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर इतकी सहज बसते, की त्यावर जास्त बोलणं म्हणजे मजा घालवणं.

पण कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ मध्ये आयपॅडवर ‘आफत’ ध्वनिमुद्रित केलं, त्यावरच चित्रित केलं आणि टाकून दिलं. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’. तेच गाणं २०१९ ला ‘गली बॉय’मध्ये रणवीर सिंगच्या तोंडी आलं. आम्ही २०१५ चं घेतो. पहिल्यात गल्ली म्हणजे पत्ता आहे. सिनेमात ती सेट होते. त्यातली भाषाही ऐका. ती धड हिंदी नाही, मराठी नाही. ती लोकलमध्ये धक्के खाताना तयार होते ती भाषा आहे, आणि तिच्यात यमक जुळवणं सोपं नाही.

इथवर बहुतेक लोक येतात आणि थांबतात. आम्हाला पुढं जायचंय. कारण ‘सिनेमापासून स्वतंत्र, कंपनीपासून स्वतंत्र, स्वतः लिहिणार, स्वतः चाल लावणार, स्वतः गाणार’ ही व्याख्या घेतली, तर या महाराष्ट्रात इंडी शंभर वर्षं जुनं आहे. शाहीर दुसरं काय करत आले? सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर जा. गाण्यांच्या पुस्तिका, सीडी, एका घोंगडीवर मांडलेलं अख्खं प्रकाशन. त्याला कुणी इंडी म्हणत नाही. कॅफेत गिटार घेऊन गायलं तर इंडी, आणि वस्तीत डफ घेऊन गायलं तर ‘प्रबोधन’. हा फरक संगीताचा नाही, ऐकणाऱ्याच्या पत्त्याचा आहे.

म्हणून आमच्या यादीतली शेवटची दोन. एक, आनंद पटवर्धनांच्या २०११ च्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये ऐकू येणारा शीतल साठे यांचा आवाज. रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून सुरू झालेलं चौदा वर्षांचं चित्रीकरण. शाहीर विलास घोगरे यांच्या मृत्यूनं सिनेमा सुरू होतो आणि कबीर कला मंचाच्या तरुण पोरांपर्यंत येतो. मायक्रोफोन बरा नाही, मागं गर्दीचा आवाज, आणि तरी तो स्वर सरळ छातीवर येतो. २०१३ मध्ये त्या आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाले, हे आपल्याला आठवत असेल. गाण्याच्या यादीत हे कशाला, असं कुणी विचारेल. कारण बाकीच्या कुठल्या गाण्याबद्दल आपल्याला असं काही सांगावं लागलं नाही.

दुसरं, ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांचा सिनेमा, त्याला उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाणी संभाजी भगत यांची. शाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत वीरा साथीदार. खटला असा की कांबळेचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये जीव दिला. गंमत अशी की ज्या गाण्यावरून खटला उभा राहतो ते आपल्याला ऐकायला मिळतच नाही. ऐकू येतं ते दुसरं, वस्तीतल्या छोट्या स्टेजवरचं. कॅमेरा लांब उभा, हलत नाही. कोरस थोडा मागंपुढं होतो, ढोलकीवाला सांभाळून घेतो. पोलीस स्टेजवर येतात, गाणं पुरं व्हायची वाट बघत नाहीत.

‘सैराट’च्या व्हायोलिनांसमोर हे ध्वनिमुद्रण म्हणजे काहीच नाही. चालही मुद्दाम साधी, चार माणसांना लगेच उचलता यावी अशी. आम्ही ते मोबाइलवर लावून पाहिलं, मजा येत नाही. चार माणसांत म्हणून पाहिलं, येते. तर आता मागच्या ओळीतून कुणी डफ आणलाय असं कळलंय. ते पुढं या. प्रश्नोत्तरं त्यानंतर घेऊ.