स्कोप बदलतो, हात तोच राहतो : फर्स्ट पर्सन शूटर खेळांतील माऊस-सेन्सिटिव्हिटीच्या जुळणीची चिकित्सा

१. प्रस्तावना

खेळाची समीक्षा म्हटली की आपण कथा, चित्रण, ध्वनी किंवा हिंसेचा प्रश्न यांबद्दल बोलतो. सेटिंग्जचा मेनू समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण त्या मेनूतील प्रत्येक आकड्यामागे खेळ बनवणाऱ्याचा एक निर्णय असतो आणि तो खेळाडूच्या हातापर्यंत पोहोचतो. या पाठात आपण अशाच एका आकड्याची चिकित्सा करणार आहोत. साध्या नजरेने नेम धरताना माऊसचा जो वेग हाताला सवयीचा झालेला असतो, तोच स्कोपमधून पाहताना कसा ठेवायचा, हा आपला प्रश्न आहे.

बहुतेक खेळाडू तो ‘अचूक आकडा कोणता?’ अशा स्वरूपात विचारतात. या पाठाचे म्हणणे असे की प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. स्कोपमध्ये गेल्यावर सगळेच समान ठेवता येत नाही. काय समान ठेवायचे हे निवडावे लागते. खेळ ती निवड आपल्या वतीने करतो आणि बहुधा आपल्याला सांगत नाही.

२. सगळे एकाच वेळी का जुळत नाही?

पडद्यावर एका वेळी जगाचा जेवढा कोन दिसतो, त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. खेळाडू त्याला एफओव्ही म्हणतात. स्कोप लावला की हा कोन लहान होतो आणि तेवढाच भाग पूर्ण पडद्यावर पसरतो. म्हणून दूरचा माणूस मोठा दिसतो.

आता सपाट पडद्याचा एक गुण लक्षात घ्या. त्रिमित जग सपाट पृष्ठभागावर उतरवताना समान कोनांना समान रुंदी मिळत नाही. मध्यापासून ४५ अंशांवर असलेला एक अंश मध्यावरच्या एका अंशाच्या दुप्पट रुंदी व्यापतो. कडेची माणसे ताणलेली दिसतात ती यामुळेच. स्कोपमध्ये कोन अगदी लहान असल्याने हा ताण जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे साधी नजर आणि स्कोप ही एकाच चित्राची लहानमोठी रूपे नाहीत. त्यांच्यातील अंतरांची वाटणीच वेगळी आहे. त्यामुळे एका ठिकाणी हाताचा वेग जुळवला की दुसऱ्या ठिकाणी तो निसटतो.

यातून जुळणीचे तीन प्रकार संभवतात.

(अ) कोन-जुळणी : पूर्ण ३६० अंश वळायला माऊस जितका सरकवावा लागतो, तितकाच स्कोपमध्येही लागेल. कागदावर हे सर्वांत सरळ वाटते. प्रत्यक्षात चित्र अकरापट मोठे झाले की पडद्यावरची हालचालही अकरापट वेगवान होते आणि नेम स्थिर राहत नाही.

(आ) केंद्र-जुळणी : क्रॉसहेअरच्या अगदी जवळ चित्र ज्या वेगाने सरकते, तो वेग समान राहतो. यासाठी दोन्ही दृष्टिक्षेत्रांच्या अर्ध्या कोनांच्या टॅनचे गुणोत्तर घ्यावे लागते.

(इ) काठ-जुळणी : पडद्याच्या ठरावीक अंतरावरचे, उदाहरणार्थ काठावरचे लक्ष्य क्रॉसहेअरखाली आणायला हात सारखाच सरकावा लागतो. काठासाठी अर्ध्या कोनांचेच गुणोत्तर पुरते.

३. पहिले उदाहरण : काउंटर-स्ट्राइक

काउंटर-स्ट्राइकमध्ये ४:३ पडद्याच्या हिशेबाने साधे दृष्टिक्षेत्र ९० अंशांचे आहे. एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलचा पहिला झूम ४० अंशांचा, तर दुसरा १० अंशांचा आहे. झूममध्ये खेळ सेन्सिटिव्हिटीला कोनांच्या सरळ गुणोत्तराने कमी करतो. पहिल्या झूमसाठी ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४४. त्यावर झूम सेन्सिटिव्हिटीचा गुणक लागतो. तो मुळात १ असतो.

वरच्या वर्गीकरणात हे बसवून पाहा. ४० चा अर्धा २० आणि ९० चा अर्धा ४५. २० भागिले ४५ म्हणजेही ०.४४४. म्हणजे गुणक १ असताना होते ती ४:३ पडद्याच्या काठाची जुळणी. आजच्या १६:९ पडद्यावर ती जागा मध्यापासून काठापर्यंतच्या अंतराच्या ७५ टक्क्यांवर येते. तिथे काहीही नसते, फक्त जुन्या मॉनिटरची कड असते. हेतू काहीही असो, गणिताचा परिणाम हा आहे.

केंद्र-जुळणी हवी असेल तर टॅन २० भागिले टॅन ४५, म्हणजे ०.३६४ हवे. त्यासाठी गुणक ०.८१९ ठेवावा लागतो. दुसऱ्या झूमसाठी तोच हिशेब केला तर गुणक ०.७८७ येतो. गुणक मात्र एकच आहे. ०.८१९ ठेवला तर दुसऱ्या झूममध्ये केंद्राजवळचा वेग सुमारे ४ टक्के जास्त राहतो. गुणक १ ठेवला तर हीच तफावत पहिल्या झूममध्ये २२ आणि दुसऱ्यात २७ टक्के होते.

आकडे हाताच्या मापात आणू. ८०० डीपीआयचा माऊस आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल, तर साध्या नजरेने पूर्ण वळायला सुमारे ५२ सेंटिमीटर लागतात. पहिल्या झूममध्ये गुणक १ असताना ११७ सेंटिमीटर लागतात, केंद्र-जुळणीत १४३. म्हणजे केंद्र-जुळणी फुकट मिळत नाही. मध्याजवळचा नेम हाताला ओळखीचा वाटतो, पण दूरवर वळणे संथ होते.

४. दुसरे उदाहरण : बॅटलफील्ड १

२०१६ च्या बॅटलफील्ड १ मध्ये ‘युनिफॉर्म सोल्जर एमिंग’ नावाची सोय आहे आणि तिच्यासोबत एक गुणांक आहे. गुणांक शून्य ठेवला तर केंद्र-जुळणी होते. १७८ टक्के ठेवला तर १६:९ पडद्याच्या काठाशी जुळणी होते. मूळ आकडा १३३ टक्के, म्हणजे पुन्हा ४:३ चा काठ. २०१९ च्या कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअरमध्येही असाच गुणांक आहे.

रचना म्हणून ही सोय काउंटर-स्ट्राइकपेक्षा सरस आहे. एकदा निवड केली की प्रत्येक स्कोपचा हिशेब खेळ स्वतः करतो. निवड खेळाडूच्या हाती दिलेली आहे. पण ‘१३३’ हा आकडा पाहून पडद्यावरची कोणती जागा जुळते, हे किती जणांना कळेल? अधिकार दिला, पण तो वापरण्यासाठी लागणारा अर्थ दिला नाही.

५. तिसरे उदाहरण : स्लायडरची रांग

रेनबो सिक्स सीजने २०२० मध्ये स्कोपच्या प्रत्येक पटीसाठी वेगळा स्लायडर दिला. तुमच्यापैकी अनेकांना ओळखीच्या बीजीएमआयमध्येही प्रत्येक स्कोपसाठी वेगळी सेन्सिटिव्हिटी आहे, फक्त तिथे माऊसऐवजी बोट असते. वरवर पाहता हे सर्वाधिक स्वातंत्र्य आहे. पण स्लायडर कशाच्या संदर्भात मोजतो हे सांगितले नाही, तर खेळाडू चाचपडत राहतो. मग एखाद्या नामवंत खेळाडूचे आकडे जसेच्या तसे उतरवले जातात. त्याचे दृष्टिक्षेत्र, पडदा आणि मूळ सेन्सिटिव्हिटी वेगळी असेल, तर ते आकडे तुमच्याकडे वेगळाच अर्थ धारण करतात.

६. मूल्यमापन

मग कोणती जुळणी स्वीकारावी? निर्णय कामावरून घ्यावा. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवले की लक्ष्यापर्यंत हात नेण्याची कठीणता लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. केंद्र-जुळणीत पडद्यावरच्या लहान अंतरासाठी हाताला सारखेच अंतर कापावे लागते, म्हणून मध्याजवळ लहान दुरुस्त्या करताना हाताला लागलेले वळण कामी येते. बहुतेक वेळा स्कोप लावल्यावर लक्ष्य मध्याजवळच असते. म्हणून सुरुवात केंद्र-जुळणीने करावी, असे माझे मत आहे. स्कोप लावूनच मोठे झटके मारण्याची ज्यांची पद्धत आहे, त्यांना काठाकडे झुकलेली जुळणी सोयीची पडेल आणि त्यात काही चूक नाही.

एक मर्यादाही नोंदवावी. ऑपरेटिंग सिस्टिममधील माऊस ॲक्सिलरेशनचा परिणाम खेळात पोहोचत असेल, तर हात किती वेगाने हलला यावर अंतर बदलते आणि वरचा सगळा हिशेब कोसळतो. ते आधी बंद करावे.

खरा आक्षेप कोणत्याही एका सूत्रावर नाही. सूत्र लपवण्यावर आहे. नेम चुकला की खेळाडू स्वतःला दोष देतो, सराव वाढवतो, आठवड्याला आकडे बदलतो. आणि दर बदलानंतर हाताला पुन्हा नव्याने शिकावे लागते. ‘ही जुळणी पडद्याच्या या जागेसाठी आहे’ एवढी एक ओळ मेनूत असती, तर ते तास वाचले असते.

७. सारांश

स्कोप बदलताना पडद्यावरची सर्व अंतरे एकाच वेळी जुळत नाहीत. केंद्र, काठ किंवा कोन यांपैकी एक निवडावे लागते. काउंटर-स्ट्राइक ही निवड गृहीत धरतो, बॅटलफील्ड १ ती अर्थ न सांगता हाती देतो आणि स्लायडरची रांग ती खेळाडूच्या अंदाजावर सोडते. चांगल्या रचनेने निवड द्यावी आणि तिचा अर्थही सांगावा.

स्वाध्याय

१. एका खेळात साधे दृष्टिक्षेत्र ९० अंश आणि स्कोपचे ३० अंश आहे. केंद्र-जुळणी व काठ-जुळणीची गुणोत्तरे काढा आणि त्यांतील फरकाचा अर्थ सांगा.
२. तुम्ही खेळत असलेल्या एका खेळाचा सेन्सिटिव्हिटी मेनू तपासा. तो कोणती निवड करतो आणि ती सांगतो का? २०० शब्दांत लिहा.