विद्यापीठाचं स्टेडियम कोणासाठी?

मागच्या व्याख्यानात आपण विद्यापीठांची ग्रंथालयं पाहिली. आज त्याच आवारातल्या, पण अगदी उलट स्वभावाच्या वास्तूकडे वळू या. स्टेडियम म्हणजे विद्यार्थ्यांसाठी खेळाची सोय, असं आपण धरून चालतो. हे गृहीतक एका उदाहरणावर तपासून पाहू.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कले इथलं मेमोरियल स्टेडियम १९२३ साली उघडलं. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या कॅलिफोर्नियाच्या लोकांचं ते स्मारक. जागा निवडली स्ट्रॉबेरी कॅन्यन या दरीच्या तोंडाशी. मागे डोंगर, आणि वरच्या रांगांतून सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर दिसतो. वास्तू देखणी आहे, यात वाद नाही. शेजारच्या टेकडीवर बसून लोक सामना फुकट बघतात. तिला नाव पडलंय 'टाइटवॉड हिल', म्हणजे आपल्या भाषेत चिक्कूंची टेकडी!

पण या मैदानाच्या खालून हेवर्ड प्रस्तरभंग जातो. जमिनीतल्या या भेगेच्या दोन बाजू वर्षाला काही मिलिमीटर एकमेकींना घासत सरकतात. इमारतीचे सांधेही त्यांच्याबरोबर सरकत गेले. मोठा भूकंप झाला तर काय, हा प्रश्न टाळता येणारा नव्हता.

२०१२ साली नूतनीकरण करून स्टेडियम पुन्हा उघडलं. पश्चिमेची जुनी बाहेरची भिंत राखली आणि तिच्या आतली बैठक पाडून नवी बांधली. भेगेवर येणारे भाग उरलेल्या इमारतीपासून सुटे केले. जमीन फाटली तर ते तुकडे स्वतंत्रपणे हलावेत, ही कल्पना. अभियांत्रिकी म्हणून हे काम आम्हाला मनापासून आवडतं. जुन्याचा मान राखून धोक्याला सरळ तोंड दिलं आहे.

मग आमची तक्रार कशाबद्दल? हिशेबाबद्दल. नूतनीकरणाचा खर्च ३२ कोटी डॉलरच्या आसपास. शेजारच्या प्रशिक्षण केंद्रासह कर्ज ४० कोटी डॉलरच्या वर गेलं. ते फेडायचं कसं? चांगल्या जागांचे हक्क चाळीस-पन्नास वर्षांसाठी विकून. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. शेवटी भूकंपसुरक्षेच्या कर्जाचा भार क्रीडाविभागाकडून विद्यापीठाच्या मुख्य खात्यावर आला. ज्यानं एकही सामना पाहिला नाही, असा विद्यार्थीही यात ओढला गेला.

कोणी म्हणेल, सुरक्षितता नको होती का? हवीच होती. पण सुरक्षित करणं वेगळं आणि एवढं मोठं ठेवणं वेगळं. नूतनीकरणानंतर इथे सुमारे ६३ हजार माणसं बसू शकत होती. त्या वेळचे विद्यापीठातले सगळे विद्यार्थी आणून बसवले तरी खुर्च्या उरल्या असत्या! आणि फुटबॉलचे घरचे सामने वर्षाला सहा-सात. म्हणजे आकार ठरवला तो प्रेक्षकांनी. धावणाऱ्या मुलामुलींनी नव्हे.

प्रशिक्षण केंद्रासाठी स्टेडियमलगतची ओकची झाडं तोडायची ठरली, तेव्हा विरोध करणारे लोक झाडांवर चढून बसले. डिसेंबर २००६ ते सप्टेंबर २००८, जवळजवळ पावणेदोन वर्षं. शेवटी झाडं गेली. त्या आंदोलनाकडे हट्ट म्हणून पाहणं सोपं आहे. आम्हाला वाटतं, आवार कोणाचं, हा प्रश्न तिथे सर्वांत उघडपणे विचारला गेला.

म्हणून स्टेडियमची समीक्षा करताना फक्त कमानी आणि क्षमता बघू नये. तीन प्रश्न विचारावेत. सामना नसलेल्या दिवशी इथे कोण खेळतं? पैसे कोण भरतं? आणि बेत फसला तर भरपाई कोण करतं? बर्कलेची वास्तू सौंदर्यात उत्तीर्ण होते, अभियांत्रिकीत तर पहिली येते. या तीन प्रश्नांवर मात्र अडखळते.

आपल्याकडेही महाविद्यालयाला भव्य स्टेडियम हवं, अशी मागणी अधूनमधून होते. मागणी चुकीची नाही. पण आधी साधी धावपट्टी, पाण्याची सोय, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि संध्याकाळी उघडं असणारं फाटक मागू या. खुर्च्यांचं नंतर बघू.