निघून आलेल्यांची साक्ष

डेबोरा लेटन यांचा 'सिडक्टिव्ह पॉयझन' (१९९८) हा आत्मकथनपर ग्रंथ, पंथ सोडून आलेल्या व्यक्तीच्या साक्षीचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न आपणांपुढे ठेवतो. दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात, जोन्सटाऊन येथे, १८ नोव्हेंबर १९७८ रोजी 'पीपल्स टेंपल' या अमेरिकन पंथाची ९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत सुमारे ३०० मुले होती. पंथप्रमुख जिम जोन्स हा एका प्रतिष्ठित प्रोटेस्टंट मंडळीचा दीक्षित पाळक होता.

लेखिका मे १९७८ मध्ये गयानातून निसटल्या. आपण या पंथाकडे का ओढले गेलो, हे त्या लपवीत नाहीत, आणि हेच ग्रंथाचे खरे बळ होय. वर्णभेद न मानणारी उपासना, गरिबांना अन्न, वृद्धांची सेवा यांमुळे माणसे तेथे आली. बंधने मागाहून, एकेक करून पडली: खोट्या कबुल्यांवर सह्या, आप्तांनीच आप्तांविरुद्ध केलेल्या चहाड्या, अपुरी झोप, काढून घेतलेली पारपत्रे. आजारी आईला मागे ठेवून लेखिकेला निघावे लागले. तो भाग वाचताना मन विदीर्ण होते.

ग्रंथातील संवाद वीस वर्षांनंतर स्मृतीतून उभे केलेले आहेत. ते शब्दशः नोंद म्हणून वाचू नयेत. परंतु मूळ साक्ष पश्चातबुद्धीची नाही. जून १९७८ मधील प्रतिज्ञापत्रात लेखिकेने सामुदायिक आत्महत्येच्या तालमींचे वर्णन केले होते. त्याची वेळीच पुरेशी दखल घेतली गेली नाही. लिओ रायन हे अमेरिकन लोकप्रतिनिधी नोव्हेंबरात चौकशीस गेले, आणि परतताना त्यांचीही हत्या झाली.

निघून आलेला मनुष्य कडवटपणे बोलतो, म्हणून त्याला सूडबुद्धीचा ठरविणे सोपे असते. आमच्या मते कडवटपणा हा असत्याचा पुरावा नव्हे. त्याने स्वतः काय पाहिले, केव्हा सांगितले, आणि इतर साक्षीदार त्यास दुजोरा देतात काय, हे शांतपणे तपासावे. पापकबुली, आज्ञापालन व अर्पण ही साधने आपल्याही हाती सोपविलेली आहेत. म्हणून पाळकांनी व धर्मशिक्षकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि आपल्या मंडळीतून कोणी निघून गेले असेल तर त्याच्या घरी जाऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.