तंबाखूच्या दप्तरांतील एक अर्धा उतारा

सिगारेट करणाऱ्या अमेरिकन व इंग्रज कंपन्यांचे खासगी कागद बाहेर पडूं लागल्यास आतां तीस वर्षें होऊन गेलीं. १९९४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांजकडे ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या कागदांचीं सुमारें ४,००० पानें कोणा निनावी गृहस्थानें पाठविलीं. पुढें १९९८ मध्यें मिनेसोटा राज्याच्या दाव्यांत कोट्यवधि पानें कोर्टामार्फत उजेडांत आलीं. हा संग्रह आज त्याच विद्यापीठानें सर्वांस खुला ठेविला आहे. पानापानावर क्रमांकाचा शिक्का आहे. आपल्याकडील रुमालांस असा बंदोबस्त लाभला असता, तर आपले निम्मे वाद कधींच मिटले असते.

या दप्तरावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कंपन्यांनीं लोकांस फसविलें हा त्या लेखनाचा निष्कर्ष मला मान्य आहे. अमेरिकेंतील न्यायाधीश ग्लॅडिस केस्लर यांनींही २००६ च्या आपल्या विस्तृत निकालपत्रांत तोच काढला. मला मान्य नाहीं ती उतारे घेण्याची पद्धत. तिचें एकच उदाहरण येथें तपासतों.

४ जानेवारी १९५४ रोजीं अमेरिकेंतील चारशेंहून अधिक वर्तमानपत्रांत कंपन्यांच्या अध्यक्षांच्या सह्यांचें एक ‘मोकळें निवेदन’ छापलें गेलें. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आंकड्यांनीं दाखविला होता. १९५३ मध्यें वाइंडर, ग्रॅहॅम व क्रोनिंगर यांनीं धुराचा चिकटा उंदरांच्या पाठीवर लावून गाठी उठवून दाखविल्या होत्या. त्याला हें उत्तर होतें. रोगाचीं संभाव्य कारणें अनेक आहेत. खरें कारण कोणतें याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं. सिगारेट हें त्या कारणांपैकीं एक आहे, यालाही पुरावा नाहीं. असा त्याचा आशय. सोबत संशोधनास पैसा देण्याचें वचन होतें व त्यासाठीं एक मंडळही स्थापन झालें.

दुसरा कागद १९५८ चा. इंग्रज कंपन्यांतर्फे बेंटली, फेल्टन व रीड हे तीन शास्त्रज्ञ एप्रिल-मे महिन्यांत अमेरिका व कॅनडा येथें हिंडले, तेथील संशोधकांस भेटले आणि त्यांनीं आपला अहवाल लिहिला. तो छापण्यासाठीं नव्हता. त्यांतील एक वाक्य सर्वत्र उद्धृत होतें, तें असें कीं, भेटलेल्या व्यक्तींपैकीं एक सोडून बाकी सर्वांचा धूम्रपानानें फुप्फुसाचा कर्करोग होतो असा विश्वास आहे. अनेक लेखक येथेंच पूर्णविराम देतात. मूळ वाक्य येथें संपत नाहीं. त्यास पुढें ‘जर’ जोडलेला आहे : ‘कारण’ या शब्दानें शेवटीं त्या रोगाप्रत नेणारी, आणि जींत धूम्रपान हा गाळतां न येणारा दुवा आहे, अशी कोणतीही घटनांची साखळी समजावयाची असेल तर.

ही अट अडचणीची वाटून गाळली गेली असावी. वस्तुतः तिनें वाक्य दुबळें होत नाहीं, उलट बळावतें. न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांतच घटाचीं कारणें मोजतात. माती लागते, कुंभार लागतो, दंड व चक्रही लागतें. एकट्या दंडानें घट होत नाहीं म्हणून दंड कारण नव्हे, असें कोणी म्हणत नाहीं. माती वाहून आणणारें गाढव मात्र अन्यथासिद्ध. तें घटाच्या आधीं हजर असलें तरी कारणांत धरीत नाहींत. आतां दोन्ही कागद शेजारीं ठेवावे. निवेदन सिगारेटला गाढवाच्या जागीं बसवितें. अहवाल तिला दंडाच्या जागीं बसवितो. धूम्रपान न करणारासही हा रोग होतो, किंवा सर्वच ओढणारांस होत नाहीं, हे आक्षेप एकमेव कारणाविरुद्ध चालतील. तिघांनीं नोंदविलेल्या मर्यादित अर्थाला ते स्पर्शही करीत नाहींत. ही सर्व धार ‘जर’ गाळणाऱ्या लेखकांनीं आपण होऊन बोथट केली आहे.

दुसरा दोष कालक्रमाचा. १९५८ च्या अहवालानें १९५४ च्या निवेदनास खोटें ठरवितां येत नाहीं. चार वर्षांत ज्ञान वाढतें. त्यासाठीं क्लॉड टीग या रसायनज्ञाचें फेब्रुवारी १९५३ चें टिपण पुढें करावयास हवें. दीर्घकाळ व अति धूम्रपान आणि कर्करोग यांच्या संबंधास उपलब्ध पाहण्यांनीं दुजोरा मिळतो, असें तो लिहितो. आणि तो ज्या रेनॉल्ड्स कंपनीचा नोकर, तिच्या अध्यक्षांची सही निवेदनावर आहे. टीग दुजोरा म्हणतो, सिद्धि म्हणत नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे.

संशय घेणारे सर्वच लबाड होते असेंही कागद सांगत नाहींत. अहवालांतला तो एक अपवाद म्हणजे येल येथील ग्रीन. तिघांनीं त्याचें नांव प्रामाणिकपणें नोंदविलें आहे. विख्यात संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनीं १९५७-५८ मध्यें, एखादी आनुवंशिक प्रकृतीच धूम्रपानाची आवड व रोग या दोहोंच्या मुळाशीं असूं शकेल, अशी शंका काढली. ते इंग्रज कारखानदारांचे सल्लागार होते हें खरें. पण शंकेचें उत्तर शंकेस द्यावें लागतें आणि तें पुढच्या संशोधनानें दिलें. कंपन्यांच्या जाहीर लेखनाची गोष्ट वेगळी. नैयायिक ज्याला वितंडा म्हणतात, म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा केवळ खोडीत राहणें, तें त्यांनीं पुढें कित्येक दशकें चालविलें. वाद झाला तो आंत, नोकरांच्या टिपणांत. (प्रस्तुत लेखक तीस वर्षें तपकीर ओढीत होता, त्यालाही जाहीर पक्ष अधिक सोयीचा वाटे.)

एक सावधगिरी. कोर्टानें मागितलेले कागद म्हणजे संपूर्ण दप्तर नव्हे, आणि त्यांत वकिलांचा हात पुष्कळ आहे. निकोटिनचें व्यसन लागतें असें १९६३ मध्यें लिहिणारा अॅडिसन येमन हा ब्राउन अँड विल्यमसनचा वकील होता. त्याचें वाक्य शास्त्रज्ञाचें म्हणून देणें चूक. शास्त्रज्ञाचेंच हवें असेल तर रेनॉल्ड्समधील अॅलन रॉजमन याचें १९६२ चें टिपण घ्यावें. धुराविरुद्धचा पुरावा प्रचंड व त्याच्या उलट बाजूचा तुटपुंजा, असें तो तेथें लिहितो. आणि आपल्या प्रयोगशाळेचे या विषयावरील शोध अप्रकाशित पडून आहेत, ही तक्रारही त्याच टिपणांत आहे.